होडी धडकते की नाही?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले काही 'म्हणजे' आणि 'बघा' काढून टाकलेत, सगळे नाही. शक्य असेल तर चित्र समोर ठेवून वाचा. कोणत्याही सर्च इंजिनात 'छिंगमिंग नदी चित्र' असं टाकलं तरी मिळतं.)

आज एका होडीबद्दल बोलायचंय.

होडी मोठी आहे, मालवाहू. समोर लाकडी कमानीचा पूल आहे आणि होडीची डोलकाठी अजून पूर्ण खाली आलेली नाही. होडी जरा आडवी व्हायला लागलीये. छपरावर चढलेली माणसं ओरडतायत, कुणी लांब बांबूनं रेटा देतंय, डोलकाठी खाली घ्यायची धडपड चाललीये. पुलावरचे लोक कठड्यावरून निम्मे बाहेर लोंबकळून बघतायत, हातवारे करतायत. 'अरे इकडं घ्या, तिकडं घ्या'. फुकटचे सल्ले देणारे आपल्याकडे असतात तसेच तिकडेही होते. एकानं वरून दोर सोडलाय.

आणि हे असं गेली जवळजवळ नऊशे वर्षं चाललंय. होडी धडकलेली नाही. सुटलेलीही नाही.

हे चित्र झांग झदुआन या चिनी चित्रकाराचं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, उत्तर सोंग राजवटीच्या शेवटच्या काळातलं. इंग्रजीत त्याचं नाव 'छिंगमिंगच्या सणाला नदीकाठानं' अशा अर्थानं घेतात. छिंगमिंग म्हणजे वसंतातला पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा सण. (आता 'छिंगमिंग' म्हणजे सणच की आणखी काही, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते आपण सोडून देऊ.) रेशमावर काढलेलं, शाई आणि अगदी फिकट रंग. आज ते चहाच्या डागासारखं तपकिरी दिसतं. मूळ चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

माप सांगते, ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. उंची २४.८ सेंटीमीटर. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा कमी. आणि लांबी पाच मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर. म्हणजे हे भिंतीवर टांगायचं चित्र नाहीच. ही गुंडाळी आहे. टेबलावर ठेवायची, उजवीकडून उघडायची, डाव्या हातानं उलगडत जायचं आणि उजव्या हातानं बघून झालेला भाग गुंडाळत जायचं. एका वेळी समोर असतं ते दोन हातांच्या मधलं, साधारण हातभर.

आता ॲनिमेशनवाली म्हणून मला यात काय दिसतं? मला दिसतं की हे आधीच हलतंय. कॅमेरा उजवीकडून डावीकडे सरकतोय, फक्त तो कॅमेरा तुमचे हात आहेत. पाहिजे तिथं थांबा, पाहिजे तर भरभर पुढं जा, वाटलं तर दोन वीत मागं या. सुरुवातीला धुक्यातली झाडं, गाढवांची छोटी रांग, पाठीवर ओझी. ओझं कोळशाचं असावं असं म्हणतात. गावाकडचा शांतपणा आहे सगळा. मग एक पालखी, तिच्यावर झाडाच्या फांद्या खोचलेल्या. मग नदी लागते, धान्याच्या होड्या, पोती उतरवणारी माणसं, काठावरून दोरानं होडी ओढणारी माणसं. गर्दी वाढत जाते, वाढत जाते, आणि बरोबर मध्यावर कुठंतरी तो पूल येतो आणि ती होडी. सिनेमावाले याला काय म्हणतील? क्लायमॅक्स. त्यानंतर परत श्वास घ्यायला जागा, मग शहराची वेस, वेशीतून बाहेर पडणारे उंट, त्यातला एक अजून अर्धा आतच, मग रस्ते, दुकानं, गोष्ट सांगणाऱ्याभोवती जमलेली माणसं, एका वैद्याचा दवाखाना. आणि संपतं. म्हणजे एकदम तुटल्यासारखं संपतं. पुढचा तुकडा हरवलाय असंही काही जण म्हणतात.

हे मी आधी सांगितलं कारण मी हे चित्र पहिल्यांदा असं बघितलंच नाही. मी ते बघितलं हलताना, भिंतीवर.

झालं असं, की २०१० मध्ये शांघायला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, वर्ल्ड एक्स्पो. चीनच्या लाल दालनात या चित्राची ॲनिमेटेड भिंत केली होती. काम केलं होतं क्रिस्टल सीजी नावाच्या बीजिंगच्या कंपनीनं, २००८ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाची दृश्यंही ज्यांनी केली होती ते. भिंत किती? १२८ मीटर लांब, साडेसहा मीटर उंच. बारा प्रोजेक्टर. सगळीकडे छापून आलं की मूळ चित्राच्या तीस पट. मी भागाकार करून बघितला, पंचवीसच्या आसपास येतो. असो, जाहिरातवाल्यांना गोल आकडे आवडतात. पण विचार करा, मूळ चित्रात माणूस असतो दोन-तीन सेंटीमीटरचा. तो इथं तुमच्या मांडीइतका होतो आणि चालायला लागतो. दोन-दोन तास रांगा लागत होत्या म्हणे.

शांघायला मी गेले नव्हते. पण पुढच्या वर्षी त्याची फिरती आवृत्ती सिंगापूरला आली, २०११ च्या डिसेंबरात, आणि मी तेव्हा सिंगापूरच्या एका स्टुडिओत नोकरीला होते. आई साताऱ्याहून आली होती. थंडीत गुडघे धरतात म्हणून डिसेंबर-जानेवारी ती माझ्याकडे यायची. मी तिला म्हटलं, चल, एक चित्र बघायला जाऊ. ती म्हणाली, "अगं चित्र बघायला एवढं टॅक्सीनं जायचं?"

आत गेलो. अंधार, आणि ती भिंत. आईनं चप्पल सारखी केली आणि उभीच राहिली.

मी काय करत होते सांगू? मी चुका शोधत होते. खरंच. आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं काम सरळ बघताच येत नाही. ह्याचं वॉक सायकल त्यानंच वापरलंय का, पाणी कुठं जोडलंय, कुठला माणूस सरकतोय. म्हणजे पाय टेकलेला असताना घसरतो, त्याला आम्ही स्केटिंग म्हणतो. आणि सांगते, फारसं काही सापडलं नाही. काम जबरदस्त होतं.

कारण ह्या चित्राला हलवणं किती अवघड आहे ते बघा. पहिली गोष्ट म्हणजे जे झाकलंय ते. चित्रात झाडामागं अर्धा माणूस आहे. तो चालायला लागला की त्याचा उरलेला अर्धा कुठून आणायचा? तो कुणीतरी काढायला हवा. वेशीतला उंट बाहेर आला, की त्याचा मागचा भाग हवा, आणि त्याच्यामागं आणखी एक उंट हवा, आणि तो जिथं उभा होता तिथली जमीन हवी. म्हणजे चित्रात जितकं आहे जवळजवळ तितकंच तुम्हाला नव्यानं काढावं लागतं, आणि झांग झदुआनच्या हातचं वाटेल असं काढावं लागतं. आणि हा साधासुधा हात नव्हे. याच्याबद्दल आपल्याला जे थोडंफार कळतं ते चित्राला जोडलेल्या ११८६ सालच्या एका टिपणातून. झांग जू नावाच्या माणसानं लिहिलंय की हा रेघा मारून काढायच्या प्रकारात तरबेज होता, होड्या, गाड्या, पूल, तटबंदी यात विशेष. एका होडीतली दोरखंडं बघितली की पटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे या चित्रात लांबचं लहान, जवळचं मोठं, असं आपण शाळेत शिकतो तसं एका बिंदूला जाऊन मिळणारं काही नाही. गुंडाळी सरकत राहणार म्हटल्यावर एकच एक बिंदू चालणारच नाही ना! त्यामुळे थ्रीडी सॉफ्टवेअरचा कॅमेरा, जो जन्मानंच लांबचं लहान दाखवतो, तो इथं लावला की सगळी घरं वाकडी होतात. कॅमेऱ्याला त्याची सवय मोडायला लावायची, समांतर बघायला शिकवायचं.

तिसरं, हिशोब. हातानं करायचं झालं तर सेकंदाला बारा चित्रं धरा. त्यांचा फेरा चार मिनिटांचा. २४० सेकंद गुणिले बारा म्हणजे २८८० चित्रं, आणि ही फक्त एका माणसाची. भिंतीवर दिवसाच्या वेळी सातशेच्या जवळपास माणसं होती. त्यामुळे ती कॉम्प्युटरवर केली, हालचाली फिरवून फिरवून वापरल्या, आणि वर शाईच्या रेषेचं कातडं चढवलं. याला कमी लेखू नका. चीनमध्येच १९६० साली शांघायच्या स्टुडिओत ते वेई आणि मंडळींनी छी बायशी या चित्रकाराच्या धर्तीवर बेडकाच्या पिल्लांची फिल्म केली होती. आई शोधत फिरणारी बेडूकपिल्लं, ओल्या शाईनं काढल्यासारखी, कडा फुटलेल्या. आमच्या कॉलेजात ती दाखवायचे. तिथं एकेका आकाराचे फिकट-गडद थर वेगवेगळ्या सेलवर रंगवून, मग एकत्र करून टिपले होते. पंधरा मिनिटांची फिल्म. ती बघून मी या धंद्यात आले असं म्हटलं तरी चालेल. तेव्हापासून पन्नास वर्षांत भिंतीपर्यंत पोचणं म्हणजे गंमत नाही.

तर मी हे सगळं बघत होते. आणि आई कुठं होती? आई पुलापाशी होती.

गुडघे दुखतात म्हणणारी बाई अर्धा तास एका जागी उभी. मी जवळ गेले. म्हणाली, "परत तिथंच आली बघ."

"काय?"

"होडी. मघापासून तिसऱ्यांदा."

चार मिनिटांचा फेरा होता. दिवस, मग संध्याकाळ, मग रात्र, दिवे लागतात, आणि परत सकाळ. फेरा म्हटला की शेवट सुरुवातीला जोडायचा असतो. म्हणजे होडीचं काहीही होवो, चार मिनिटांनी ती परत पहिल्या जागी हवी. प्रोजेक्टरला दुसरा इलाजच नाही. आणि आई म्हणाली, "मग कशाला एवढी आरडाओरड करतायत? रोजचंच दिसतंय त्यांचं."

मी हसले तेव्हा. पण ते डोक्यातून गेलं नाही. कारण अडचण नेमकी तीच होती. मूळ चित्रात होडीचं पुढं काय होतं ते तुम्ही ठरवता. झांग झदुआननं नेमका तो क्षण पकडलाय जिथं दोन्ही होऊ शकतं. तुमचा हात तिथं थांबतो, गुंडाळी पुढं सरकत नाही. ॲनिमेटरला मात्र ही सूट नाही. त्याला पंचविसावी फ्रेम काढायचीच असते. ती काढली की ठरलं. आणि ठरलं की धाकधूक गेली. वर ते चार मिनिटांनी परत घडलं की ती कायमची गेली.

रात्रीचं मात्र मी वेगळं म्हणेन. मूळ चित्रात रात्र नाही, एकच दिवस आहे. रात्र यांनी मनानं घातली. काही चिनी जाणकारांना ते खटकेल असं मला आधी वाटलं होतं. पण ही रात्र पोकळ नव्हती. त्या काळच्या राजधानीत, म्हणजे ब्येनजिंग, आजचं काइफंग, रात्रीची संचारबंदी बरीच सैल झाली होती आणि रात्रबाजार भरायचे. राजधानी पडल्यानंतर मंग युआनलाव या माणसानं आठवणीतून त्या शहराचं वर्णन लिहिलं, त्यात हे आहे, मध्यरात्र उलटेपर्यंत बाजार आणि पहाटे परत सुरू. म्हणजे खिडक्यांत दिवे लागले, रस्त्यावरची माणसं कमी झाली, ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की चित्रकारानं न काढलेलं पण खरं असलेलं काहीतरी यांनी दाखवलंय. चित्रात जे ठरवायचं नव्हतं ते ठरवणं वेगळं, आणि चित्राच्या बाहेरचं शोधून आणणं वेगळं. मला दुसरं पटलं.

आता पुढची गोष्ट. बाहेर पडताना दुकानातून मी त्या चित्राची छापील गुंडाळी घेतली, पूर्ण लांबीची नाही, पण बऱ्यापैकी. घरी येऊन उलगडली, शेवटपर्यंत बघितली, आणि आळशीपणा म्हणून परत न गुंडाळता तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर आईनं ती उघडली. आता शेवटपर्यंत गेलेली गुंडाळी असल्यामुळे तिच्या हाताला डावं टोक आलं. आणि आपण मराठी माणसं डावीकडून वाचतो, त्यामुळे तिला काही खटकलं नाही. तिनं सगळं चित्र उलटं बघितलं. दवाखान्यापासून सुरुवात, मग रस्ते, वेस, मग पूल, मग नदी, आणि शेवटी धुकं आणि गाढवं.

संध्याकाळी मला म्हणाली, "अगं, हे सगळे शहर सोडून चाललेत का?"

मी म्हटलं, नाही गं, शहराकडे चाललेत. तू उलटं बघितलंस.

"तसं होय. मला वाटलं काहीतरी झालंय. पुलावर एवढा गोंधळ, आणि पुढं पुढं माणसं कमी कमी होत गेली."

मी तिला पुढचं सांगितलं नाही तेव्हा, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. नंतर वाचलं. ११२७ साली उत्तरेकडून आलेल्या जुरचेन लोकांनी ती राजधानी घेतली, सम्राटाला आणि त्याच्या बापाला धरून नेलं. लोक दक्षिणेला पळाले. तो मंग युआनलावही त्यातलाच. त्या शहराचं आज जमिनीवर जवळजवळ काही नाही, पीत नदीच्या गाळाखाली गेलं. आणि हे चित्र मात्र हातोहात फिरत राहिलं. शेवटचा सम्राट पुयी, तोच, 'द लास्ट एम्परर' सिनेमातला, त्यानं ते राजवाड्यातून बाहेर काढलं, १९४५ नंतर ते ईशान्य चीनमध्ये सापडलेल्या वस्तूंच्या ढिगात निघालं, आणि १९५० च्या दशकात बीजिंगला परत आलं.

म्हणजे आईनं जे उलटं वाचलं ते इतिहासात खरंच तसं घडलेलं होतं. हे मी काही गूढबिढ म्हणून सांगत नाहीये. मी सांगतेय ते एवढ्यासाठी, की तिच्या हातात गुंडाळी होती म्हणून तिला ते उलटं बघता आलं. भिंतीसमोर अर्धा तास उभी राहूनही तिला हा प्रश्न पडला नव्हता. तिथं माणसं आपापली जातच होती, दोन्हीकडे. प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

आता मी पुण्यात शिकवते. दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हीच होडी देते. आठ सेकंद, शहाण्णव चित्रं, काय वाटेल ते करा. बहुतेक जण होडी पुलाखालून काढतात, डोलकाठी शेवटच्या क्षणी खाली येते, टाळ्या. दोन-तीन जण दर वर्षी धडकवतात, त्यात पोती पाण्यात पडणं वगैरे सगळं साग्रसंगीत असतं. एकीनं एकदा ड्रॅगन आणला होता, त्याला मी पास केलं, पण मनावर दगड ठेवून.

आणि मागच्या वर्षी एका मुलानं होडी हलवलीच नाही. माणसंही नाहीत. फक्त पाणी, आणि पुलावरून सोडलेला तो दोर. दोर वाऱ्यानं थोडा हलतो, होडीवरच्या माणसाच्या हाताजवळ येतो, परत लांब जातो. आठ सेकंद. परत तसंच. फेरा इथंही आहेच, पण दोर लोंबकळतच असतो ना, त्याला परत यायला कारण लागत नाही.

वर्गात एक जण म्हणाला, मॅडम यानं काम कमी केलंय. खरं होतं. त्यानं शहाण्णव चित्रांत फक्त दोर काढला होता. मी त्याला सगळ्यात जास्त मार्क दिले आणि त्यावरून वर्गात बरीच भांडणं झाली, आणि मला वाटतं त्यांचं म्हणणंही पूर्ण चूक नव्हतं. ॲनिमेशनच्या परीक्षेत हालचाल शिकवायची असते, ती टाळायला कशी शिकवणार? हा वाद माझ्या डोक्यात अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट राहिली. २०१५ मध्ये बीजिंगच्या संग्रहालयाला नव्वद वर्षं झाली म्हणून मूळ चित्र पूर्ण उलगडून ठेवलं होतं. हे क्वचित होतं, रेशीम नाजूक असतं. तेव्हा दरवाजे उघडल्या उघडल्या लोक पळत सुटायचे, आणि कित्येक तास रांगेत उभे राहायचे, काचेखालचं ते फूटपट्टीएवढं तपकिरी चित्र काही मिनिटं बघायला मिळावं म्हणून. हलणारी भिंत पाच वर्षं आधीच सगळ्यांनी बघितली होती. माझा अंदाज असा, की त्या भिंतीमुळेच रांग इतकी लांब झाली असावी. सिद्ध करता येणार नाही मला.

त्या मुलाची फिल्म मी आईला फोनवर पाठवली होती. तिचं उत्तर आलं, व्हॉइस मेसेज, नेहमीसारखा ओरडून: "अगं, दोर धर म्हणावं त्याला!"

चला, आज इतकंच. पुढच्या भागात जपानी गुंडाळ्यांतल्या बेडूक-सशांबद्दल बोलू. तुमच्यापैकी कुणी ती भिंत शांघायला किंवा सिंगापूरला बघितली असेल तर जरूर लिहा, आणि खास करून सांगा, तुम्ही कुठल्या टोकापासून चालायला सुरुवात केली होती.